मदत हवी आहे: मातीच्या घराचा होमस्टे करतोय, संडास-न्हाणी कुठे काढावी?

नमस्कार मंडळी,

गावातलं जुनं घर होमस्टे म्हणून चालवायचा विचार आहे. जाड मातीच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागे परसात विहीर. शहर वेशीपर्यंत आलंय, आजूबाजूला प्लॉट पडताहेत. घराने स्वतःचा खर्च भागवला तर ते पाडायचा विषय पुन्हा निघणार नाही, ही माझी धडपड.

कंत्राटदार म्हणतो, कौलं उतरवून स्लॅब टाका, भिंतींना सिमेंटचा गिलावा करा आणि प्रत्येक खोलीला जोडून संडास-बाथरूम काढा. पहिल्या दोन गोष्टींना माझा ठाम नकार आहे. मातीची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडते. वर सिमेंट चढवलं की ओल आतच अडकते, माती भुसभुशीत होते आणि गिलावा पोपड्यांनी सुटतो. तिथे चुना नाहीतर मातीच हवी. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. तो गारवा घालवून मग एसी बसवायचा, हे मला पटत नाही.

अडलंय ते तिसऱ्यापाशी. मातीच्या भिंतीतून पाइप न्यायचा नाही, कारण जोड ठिबकला तर कळेपर्यंत पाया भिजलेला असतो. म्हणून परसात वेगळ्या जोत्यावर संडास-न्हाणी आणि तिथपर्यंत छपराची वाट, असं डोक्यात आहे. पण शोषखड्डा विहिरीपासून ३० मीटर तरी लांब हवा आणि त्याचा तळ भूजलाच्या दीड मीटर तरी वर. परस तेवढं लांब नाही, आणि पावसाळ्यात विहीर जवळजवळ काठापर्यंत येते. तेच पाणी शेजारची घरंही पितात, त्यामुळे इथे 'चालून जाईल' म्हणायची माझी तयारी नाही.

न्हाणीचं पाणी वेगळं काढून, खडी भरलेल्या वाफ्यात कर्दळ लावून मुरवता येईल. तेही अर्थात विहिरीपेक्षा खालच्या, उताराच्या बाजूला. मैल्याचं काय? घराच्या पुढच्या बाजूला जागा आहे, पण मग पाहुण्यांना पडवीसमोरच संडास दिसणार. की तळ-भिंती पक्क्या असलेली बंद टाकी बांधून ती वेळोवेळी उपसून न्यावी? भूजल वर असलेल्या जागी कुणी अशी टाकी वापरली आहे का? रिकामी असताना ती खालच्या पाण्याने उचलली जाऊ नये म्हणून काय केलंत? आणि ज्यांचा होमस्टे आहे त्यांनी हेही सांगा: संडास खोलीबाहेर असेल तर पाहुणे खरंच परत फिरतात का?