मदत हवी आहे: क्वालिटीची नोकरी सोडून बेदाणा करू की एमपीएससी?

बोअरगेज_२७
कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. मेकॅनिकल झालंय. रोज तेच, गेज (माप तपासायचं साधन) लावा, रिपोर्ट भरा, सही करा. डोकं चालवायची वेळच येत नाही. तासगाव तालुक्यात घरची द्राक्षबाग आहे. बेदाण्याचं शेड टाकू का एमपीएससीला बसू? परवा राजीनामा द्यायचाय, लवकर सांगा.

शिफ्टइन्चार्ज
वय? डिग्री का डिप्लोमा? नोकरीला किती वर्षं झाली?

पेठनाका
राज्यसेवा दे. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, नऊ पेपर, १७५० गुण. भाषेचे दोन पेपर फक्त पात्रतेचे. पूर्वमध्ये सीसॅटला (आकलन-बुद्धिमापनाच्या पेपरला) ३३ टक्के मिळाले की पुरे. पाठांतरवाल्यांचे दिवस संपले, आत्तापासून रोज एक उत्तर हातानं लिहायला लाग.

बोअरगेज_२७
डिप्लोमा. वय २७. नोकरीला पावणेपाच वर्षं.

शिफ्टइन्चार्ज
@पेठनाका, डिप्लोमावर राज्यसेवा होत नाही, पदवी लागते. आधी विचारायचं, मग वर्ग घ्यायचा. डिप्लोमावर सहायक मोटार वाहन निरीक्षकाची परीक्षा आहे, पण तिची जाहिरात दरवर्षी निघत नाही. तिच्या भरवशावर नोकरी सोडू नये.

आणि परवा कशाला? सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मालकानं द्यायची रक्कम) बसते. शेवटचा महिन्याचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १८,००० धरले तर पाच वर्षांचे साधारण ५१,९२३. पीएफही पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो.

पेठनाका
४ वर्षं २४० दिवस भरले तरी ग्रॅच्युइटी मिळते. हायकोर्टाचा निकाल आहे.

शिफ्टइन्चार्ज
मद्रास हायकोर्टाचा. तो दाखवला की एचआर लगेच चेक फाडतो, असं वाटत असेल तर खुशाल जा. भांडायला वकील लागतो, तीन महिने थांबायला काही लागत नाही.

रॅकवाला
बेदाण्याचं कुणी बोलेना, म्हणून लिहितो. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा. साखर २२ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आत असताना माल काढला तर उताराही जातो आणि वजनही. १०० लिटर पाण्याला २.५ किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल (द्राक्ष लवकर सुकायला लागणारं तेल), त्यात घड दोन ते चार मिनिटं बुडवायचे. मग रॅकवर १५ ते २० दिवस. मधे पाऊस आला आणि शेडची बाजू उघडी राहिली तर माल काळा पडतो, मग दर विचारायचा नाही. पुढं कोल्ड स्टोरेजचं भाडं, सौद्यातली (लिलावातली) वजनाची तूट आणि पैसे हातात यायला लागणारे दिवस. हे सगळं धरूनच हिशेब मांड. बाग किती एकर, पाणी कुठलं, जमीन कुणाच्या नावावर, हे लिहिलंच नाहीस.

महाबळेश्वरी
बेदाण्यापेक्षा स्ट्रॉबेरी का नाही?

रॅकवाला
तासगावच्या उन्हात? बरं.

सीएमएम_सातारा
दादा, कंटाळा क्वालिटीचा आहे का नुसत्या तपासणीचा? दोन्ही वेगळं. राजीनाम्याआधी कंपनीतच एमएसएचं (मोजमापाची पद्धत किती भरवशाची ते तपासायचं) काम मागून घे. १० पार्ट, तीन ऑपरेटर, प्रत्येकी तीन रीडिंग. गेज आर अँड आर (मापातल्या फरकात गेज आणि माणसांचा वाटा) १० टक्क्यांच्या आत आला तर गेज चांगलं, ३० च्या वर गेला तर ते बाद. तुमच्याकडं बाद गेजवर माल पास होतोय का, हे त्यातून कळेल. त्यात डोकं चालवायला भरपूर जागा आहे. पुढं जीडी अँड टी (ड्रॉइंगवर आकार आणि जागेच्या मर्यादा दाखवायच्या खुणा), मग सीएमएम (कॉम्प्युटरवर चालणारं मापाचं मशीन) प्रोग्रामिंग. फक्त क्लासचं सर्टिफिकेट घेऊन फिरू नकोस, मुलाखतीत ड्रॉइंग पुढं ठेवून डेटम (माप जिथून धरायचं तो आधार) विचारतात आणि तिथंच निम्मे गळतात.

बोअरगेज_२७
बाग अडीच एकर, वडिलांच्या नावावर. पाणी म्हैसाळ योजनेचं.
ग्रॅच्युइटीचं बघायला नेमणुकीचं लेटर काढलं, तर त्यावर कंपनीचं नाही, कंत्राटदाराचं नाव आहे. चालतं का?

शिफ्टइन्चार्ज
हे सगळ्यात आधी लिहायचं होतंस. यूएएनचं (पीएफच्या नंबरचं) पासबुक उघड आणि दर महिन्याला आस्थापनेचं नाव काय आलंय ते बघ. पाच वर्षांत कंत्राटदार बदलला असेल तर सलग सेवा कुणाकडची, यावर वाद होतो.

बोअरगेज_२७
दोन नावं दिसताहेत. २०२३ च्या जूनपासून दुसरं.

शिफ्टइन्चार्ज
मग परवा राजीनामा नको. दोन्ही नावांच्या पगार स्लिपा, गेटपास आणि हजेरीचे फोटो गोळा कर, आणि कामगार कायद्याच्या वकिलाला दाखव.