दोन देशांत वास्तव्य आणि एकाच पगारातून दोनदा करकपात

प्रश्न

माझे कायमचे घर आणि कुटुंब एका देशात आहे. कामानिमित्त मी वर्षातले साधारण पाच महिने दुसऱ्या देशात राहतो. पगार मायदेशातील कंपनीच कर कापून देते. यंदा मात्र पगारपत्रकावर दुसऱ्या देशाच्या कराचीही वेगळी ओळ आली आहे. तिथे गेलेला सगळा कर मला इथल्या करातून वजा करून मिळेल का?

पहिले उत्तर

तो कर मुळात तिथे लागतो का, हे आधी पाहावे. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असेल, तर तो बहुधा ओईसीडीच्या (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) नमुना करारावर बेतलेला असतो. त्या नमुन्याच्या कलम १५ नुसार, बारा महिन्यांच्या कोणत्याही कालावधीत तुमचे त्या दुसऱ्या देशातले वास्तव्य १८३ दिवसांपेक्षा जास्त नसेल, पगार देणारी कंपनी त्या देशाची करनिवासी (करासाठी तिथली रहिवासी मानली जाणारी) नसेल आणि पगाराचा बोजा तिच्या तिथल्या स्थायी आस्थापनेवर (शाखा, कार्यालय यांसारख्या कायमच्या ठिकाणावर) पडत नसेल, तर त्या देशाला तुमच्या पगारावर कर लावता येत नाही. तिन्ही अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. दिवस मोजताना पोहोचल्याचा आणि निघाल्याचा दिवस, शनिवार-रविवार, सुट्ट्या सगळे धरतात, म्हणून पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून तारखांची वही आजच करा.

दुसरे उत्तर

एक कळकळीची सूचना. करारानुसार देय नसलेला कर तिथे कापला गेला असेल, तर मायदेश त्याचे क्रेडिट (इथल्या करातून वजावट) देत नाही. तो कापणाऱ्या देशाकडूनच, करनिवासाचा दाखला जोडून, परत मागावा लागतो. मी तो थेट इथल्या विवरणपत्रात दाखवला, दावा नाकारला गेला आणि तोवर तिथली मुदत उलटली होती.

प्रश्नकर्ता

कंपनीत विचारले. माझ्या पगाराचा खर्च तिथल्या शाखेच्या खात्यावर टाकला जातो.

पहिले उत्तर देणारे

मग तिसरी अट मोडली आणि तिथल्या कामाच्या दिवसांपुरता कर तिथे द्यावाच लागेल. आधी तिथले विवरणपत्र भरा, कारण कपात ही फक्त आगाऊ वसुली असते. मायदेशाची पद्धत क्रेडिटची असेल, तर ते तेवढ्याच उत्पन्नावर इथे लागणाऱ्या करापुरते मिळते. तिथला दर जास्त असल्यास वरची रक्कम पदरची जाते. दोन्हींकडची करवर्षे वेगळी असतील, तर पगार महिनावार वेगळा काढून ठेवा.