मिनी पोकलेनचा रबर ट्रॅक सारखा उतरतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझं साडेतीन टनी मिनी पोकलेन आहे. आठवड्यात डावा ट्रॅक दोनदा उतरला. दोन्ही वेळा मशीन उताराला आडवं उभं होतं आणि जागच्या जागी वळवताना पट्टा पुढच्या आयडलरवरून (ट्रॅक ताणून धरणाऱ्या चाकावरून) सरकला.

मशीन उचलून पाहिलं तर मधल्या रोलरखाली चार बोटं झोळ. माझ्या मॅन्युअलमध्ये १० ते १५ मिमी दिलाय. ताणाच्या सिलिंडरमध्ये ग्रीस भरून ट्रॅक ताणला, दोन दिवसांत पुन्हा सैल. शिवाय एका ठिकाणी बोटभर चीर आहे. माती खरवडली तर आत तारा दिसल्या, दोन-तीन तुटून गंजलेल्या. स्प्रॉकेटचे (ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाचे) दातही एका अंगाने झिजून हुकासारखे झालेत.

चार दिवसांचं काम उरलंय. तेवढं उरकून घेऊ का? आणि ट्रॅक सैल करताना हेल्पर ग्रीसच्या व्हॉल्व्हसमोर तोंड करून बसला होता, मी ओरडून बाजूला केलं. तेव्हापासून धास्ती बसलीय. नेमकी काय काळजी घ्यायची?

उत्तर:
दादा, ओरडलात ते फार बरं केलंत. त्या सिलिंडरमधलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, कातडी भेदून आत जातं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण तसं झालं तर दुखायची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं. व्हॉल्व्ह बाजूला उभं राहून, एखादा आटाच हळूहळू सोडायचा. ग्रीस येत नसेल तर आणखी आटे सोडू नका, ट्रॅक थोडा मागेपुढे फिरवा. बूमवर (खोदायच्या हातावर) उचललेल्या मशीनखाली टेकू दिल्याशिवाय हात घालायचा नाही.

तारा उघड्या पडल्या की पाणी शिरून गंज आतल्या आत पसरतो. असा ट्रॅक कधी तुटेल सांगता येत नाही, उतारावर तर नकोच. बदलताना दोन्ही बदला आणि स्प्रॉकेटही. झिजलेले दात नव्या ट्रॅकमधले लोखंडी तुकडे खातात. आतल्या बाजूला ३००×५२.५×८० असे आकडे असतील: रुंदी, दोन तुकड्यांमधलं अंतर, तुकड्यांची संख्या. तिन्ही जुळले पाहिजेत.

पुढे वळताना मोठा वळसा घ्या, काँक्रीटवर जागेवर फिरवू नका. संध्याकाळी रोलरमधले दगड, चिखल काढा. डिझेल-ऑइल सांडलं तर लगेच धुवा.

दोन दिवसांत ताण का जातो, ते मात्र शोधा. व्हॉल्व्हजवळ ओल आहे का?

धागाकर्ता:
आत्ता पुसून पाहिलं. व्हॉल्व्हखाली ग्रीस ओघळलंय. मशीन आजच उभं करतोय, कामवाल्यांना फोन केला.