निवृत्तीचे २८ लाख: मुलगा म्हणतो टेक्नॉलॉजी फंड, भावोजी म्हणतात सोनं

मांद्र्याच्या बाई
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी गणित शिकवायचे. साठ पूर्ण झाली, पेन्शन सुरू झालं, हातात २८ लाख आलेत. मोरजीला मिस्टरांच्या वाट्याच्या घरात दोन खोल्या भाड्याने देतो. गिऱ्हाईक बहुतेक रशियन. फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं युद्ध पेटलं आणि चार्टर विमानं बंद झाली. मार्चमध्ये व्हिसा-मास्टरकार्डनी रशियातलं काम थांबवलं, तर आमच्याकडच्या जोडप्याची कार्डं चालेनात. भाड्यापोटी दोन सायकली आणि मिक्सर ठेवून गेले बिचारे. मिक्सर अजून चालतो.

मुलगा पुण्यात आयटीत. म्हणतो, "आई, सगळं टेक्नॉलॉजी फंडात, म्हणजे आयटी कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात टाक, पुढची वीस वर्षं एआयची." आणि तोच परवा सांगत होता, टीममधल्या चौघांना घरी बसवलं. भावोजी सोनं सांगतात. शेजारी मोपा विमानतळाकडे प्लॉट दाखवतोय. माझं डोकं चालेना.

सोनेरी_फोंडा
सोनंच घ्या बाई. नोव्हेंबर २०१५ ला पहिला सरकारी सुवर्ण रोखा (सोन्याच्या भावाशी बांधलेला कागद) निघाला तेव्हा २,६८४ रुपये ग्रॅमने घेतला होता. २०२३ ला ६,१३२ ने पैसे परत आले, वर व्याज वेगळं. युद्ध होऊ दे, काही होऊ दे.

टिप्परवाला_डिचोली
बाई, मी शेअरबाजारातला नव्हे, खाणीवरचा माणूस. पण हे वाचा.

२०१० मध्ये माझा एक टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक होता. चीनला लोहखनिज धो धो जायचं, दिवसाच्या फेऱ्या मोजायला वेळ नव्हता. कर्ज काढून आणखी दोन घेतले. सगळे पैसे ट्रकात नकोत एवढी अक्कल होती, म्हणून थोडे एका खाण कंपनीच्या शेअरमध्ये घातले, धंदा आपल्या ओळखीचा ना. थोडे गावच्या पतसंस्थेत ठेव म्हणून ठेवले. बायकोने खाणीच्या तिठ्यावर चहा-भजीचं दुकान टाकलं. मला वाटायचं, आपले पैसे चार ठिकाणी आहेत.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. ट्रक दारात उभे. शेअर पडला. भजी खायला ड्रायव्हरच नाहीत. आणि पतसंस्थेने कर्जं कुणाला दिली होती? आमच्यासारख्या ट्रकवाल्यांनाच! ठेव मागायला गेलो तर आज या, उद्या या. चार ठिकाणं कसली, एकच खाण होती ती. पुढे थोडं सुरू झालं, तोवर २०१८ ला खाणींच्या ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द.

फोंड्याच्या भावाला एक सांगतो. तू रोखा घेतलास त्याच २०१५ मध्ये मी बायकोच्या पाटल्या मोडल्या. सोनं तेव्हा २०१२ पेक्षा स्वस्त होतं. तुला आठ वर्षं थांबता आलं, मला बँकेचा हप्ता होता.

तर बाई, जगात काय होणार ते सोडा. तुमच्या घरात पैसा कुठून येतो ते बघा. खोल्या पर्यटनावर. मोपाचा प्लॉटही पर्यटनावरच. मुलाचा पगार आयटीवर, टेक्नॉलॉजी फंडही आयटीवर. एआयने त्याची नोकरी खाल्ली तर बहुधा त्याच महिन्यात तुमचा फंडही झोपलेला असेल.

कोषागारातला_निवृत्त
टिप्परवाल्यांशी सहमत. एक भर घालतो. बाई, तुमच्या पेन्शनवर महागाई भत्ता मिळतो, तो महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे सुधारतो. म्हणजे इसवणाचा (सुरमई माशाचा) भाव चढला तरी थोडी भरपाई होते. मुलाला ती सोय नाही. तेव्हा महागाईच्या धास्तीने सगळं बाजारात ओतायची गरज तुम्हाला इतरांपेक्षा कमी.

मी असतो तर पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख ठेवले असते. सध्या ८.२ टक्के, म्हणजे दर तीन महिन्यांनी ३०,७५० रुपये, आणि व्याजाचा दर पाच वर्षांसाठी बांधलेला. व्याजावर कर आहे, ते धरा. बँकेत ठेवाल तर एका बँकेत व्याजासकट ५ लाखांच्या आतच, बँक बुडाली तर विमा तेवढाच. उरलेल्यातलं थोडं सोनं, बाकी निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, दोन वर्षांत हळूहळू. आयटी त्यातही आहे, पण सोबत बँका, तेल, औषधंही आहेत. मात्र या पैशाला सात-आठ वर्षं हात लावायचा नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला. त्या दिवशी ज्याला विकावं लागलं, त्याचं नुकसान झालं.

मांद्र्याच्या बाई
आभार सगळ्यांचे. प्लॉटवाल्याला नको म्हणून सांगितलं, तो जरा फुगलाय. पोस्टात सोमवारी जाते.

टिप्परवाल्यांचं उत्तर मुलाला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्याची सगळी बचत त्याच्याच कंपनीच्या शेअरमध्ये आहे, आणि हिंजवडीच्या फ्लॅटचे हप्ते अजून सतरा वर्षं. भाडेकरू पण आयटीतलाच. माझे २८ लाख राहू देत, आधी त्याचं काय करू ते सांगा.