आईची साखर या लोकांना कोणी सांगितली?

हापूसबाग_देवगड

मी देवगडजवळ राहतो. थोडी कलमं आहेत, एप्रिल-मेमध्ये पेट्या पाठवतो. हे आधीच सांगतोय, कारण खाली कोणीतरी "अनोळखी नंबर उचलूच नका" असं लिहिणार. बाबांनो, माझा या दिवसांतला सगळा धंदा अनोळखी नंबरांवरच चालतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन दोनदा वाजून राहिला की ते तिसऱ्यांदा शेजारच्या बागवाल्याला फोन करतं. आणि निम्मी गिऱ्हाइकं आईच्या नंबरवर येतात, कारण पेटीवर बाबांच्या वेळेपासून तोच नंबर छापलाय.

तर गेल्या मंगळवारी दुपारी असाच फोन आला. आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "किती डझनाची पेटी होयी?" पलीकडून गोड आवाजाची बाई म्हणाली, "मॅडम, तुमची शुगर वाढलेली आहे ना? ७६व्या वर्षी जपायला हवं. आमचं तीन महिन्यांचं पॅकेज आहे." आईचा पहिला संताप साखरेवरून नव्हताच. "शहात्तर? माका अजून सदुसष्ट पुरी होवची आसत!" साखरेचं तिच्या लक्षात आलं फोन ठेवल्यावर. घरात मी, बायको आणि डॉक्टर सोडून हे कोणालाच माहीत नाही. मुंबईच्या मावशीलासुद्धा तिने कळू दिलेलं नाही, नाहीतर गणपतीत मोदक मिळणार नाहीत. दोन दिवसांत आणखी दोन फोन आले, एक कसल्याशा पावडरचा, एक विम्याचा.

मार्चमध्ये बाजारातल्या कलेक्शन सेंटरवर तिचं रक्त दिलं होतं. मी तिरमिरीत तिथे गेलो आणि काउंटरवरच्या पोराला चार माणसांदेखत नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "दादा, मी सॅम्पल गाडयेत घालतंय, रिपोर्ट मोबाइलवर येतंत. माज्या हातात काय नाय."

माझे प्रश्न: रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत ती माहिती कोणाकोणाच्या नजरेखालून जाते? याला काही कायदा आहे का? आणि "आमची माहिती काढून टाका" असं कोणाला सांगायचं?

टोचकशास्त्री_कुडाळ

मी त्या पोराच्याच जातकुळीतला, अकरा वर्षं हेच काम करतो. आमच्याकडे नळीवर बारकोड लागतो. नाव, वय, फोन आणि पाठवणारे डॉक्टर संगणकात भरतो. संध्याकाळच्या गाडीने नळ्या फोंडा घाट चढून कोल्हापूरला. तिथलं मशीन फक्त बारकोड वाचतं, त्याला नाव-गाव काही कळत नाही. नाव आणि आकडा एकत्र येतात ते सॉफ्टवेअरमध्ये. ते सॉफ्टवेअर आमचं नाही, भाड्याचं आहे. रिपोर्टचा मेसेज पाठवणारी कंपनी आणखी तिसरीच. घरी येऊन रक्त नेणारं ॲप वापरलंत तर चौथी. प्रत्येकाला काम करण्यापुरती माहिती लागते हे खरं, पण काम झाल्यावर ती कोण पुसतो?

आता तुमच्या कामाचं. आईंचं वय ७६ कुठे लिहिलं गेलं ते शोधा. ६७चे ७६ ही टायपिंगची चूक आहे, आणि अशी चूक माहितीच्या मागोमाग सगळीकडे जाते. आमच्या पावतीवर ६७ असेल, तर चोर दुसरीकडे आहे. घरातले सगळे कागद काढा, मेडिकलच्या दुकानातल्या सवलतीच्या कार्डापासून. आणि त्या पोराशी गोड बोला. दहा-बारा हजारांवर राबतो तो.

विमावाला_रत्नागिरी

कायद्याचं मी सांगतो. वकील नाही, पण विम्यामुळे हे कागद रोज हाताखालून जातात.

आजाराची माहिती "संवेदनशील" आहे असं म्हणणारे नियम २०११ पासून आहेत, २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ कलमाखाली. कंपनीने अशी माहिती घेताना लेखी संमती घ्यायची, दुसऱ्याला देताना आधी परवानगी घ्यायची, आणि वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा. त्याने महिन्याभरात तक्रारीचा निकाल लावायचा. हे कोणी वापरत नाही, कारण कोणाला ठाऊकच नाही.

नवा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या कंपन्यांवर येणार अठरा महिन्यांनी. त्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे असं आहे, आणि संमतीची सूचना मराठीतसुद्धा मागता येईल. मला खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. आजाराच्या माहितीला जुन्या नियमांत जो वेगळा मान होता, तो नव्या कायद्यात राहिलेला नाही. तुमची साखर आणि तुमचा पिनकोड एकाच पंगतीला.

एक आगाऊ सल्ला. या रागात विम्याच्या फॉर्मवर साखर लपवू नका. तो फॉर्म भरताना तुम्ही सही करून विमा कंपनीला हॉस्पिटलकडून कागद मागवायची मुभा दिलेली असते. क्लेमच्या वेळी ते कागद मागवतात आणि मग रडायची पाळी येते.

मालवणचो_न्यूजर्सीत

इकडे सगळं चोख असतं असं गावात समजतात, म्हणून लिहितो. अमेरिकेत रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्यासाठी १९९६चा हिपा कायदा आहे. पण तो डॉक्टर, हॉस्पिटल, आरोग्य विमा आणि त्यांची कामं करणाऱ्या कंपन्या यांना लागू होतो. तुम्ही आपखुशीने ॲपमध्ये जे भरता, ते बहुतेक वेळा त्याच्या बाहेर. औषधांवर सवलतीची कुपनं देणाऱ्या गुडआरएक्सने लोकांची औषधं आणि आजार यांची माहिती फेसबुक आणि गुगलला जाहिरातींसाठी पुरवली, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या इथल्या सरकारी खात्याने, २०२३ मध्ये ठेवला. कंपनीने १५ लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं, चूक मात्र कबूल केली नाही. इतक्या मोठ्या कंपनीला तेवढा दंड म्हणजे सोलकढीतलं मीठ. कोणी कुलूप फोडलं नव्हतं की काही चोरलं नव्हतं. सवलत देत होते, लोक भरत होते.

निवृत्त_सिस्टरबाई

फुकट शिबिरात गेल्या होत्या का आई? आधी ते विचारा.

आणि सरकारी आभा नंबराला, म्हणजे आपले आरोग्याचे कागद जोडायच्या ओळख नंबराला, उगाच दोष देऊ नका. तो १४ आकडी नंबर ऐच्छिक आहे. त्याच्यावरून कागद बघायला प्रत्येक वेळी तुमची संमती लागते, आणि ॲपमधून ती काढूनही घेता येते. मात्र आमच्या केंद्रात बायका रांगेत उभ्या राहून ओटीपी मोठ्याने ओरडून सांगायच्या, मागची तो लिहून घ्यायची, तिला वाटायचं तिचाच आहे.

हापूसबाग_देवगड

सिस्टरबाई, तुमच्या पाया पडतो.

काल रात्री सगळे कागद काढले. कलेक्शन सेंटरची पावती: वय ६७. डॉक्टरांची चिठ्ठी: ६७. मेडिकलचं कार्ड: वयच नाही. मग आईच्या पर्समध्ये, देवळाच्या अंगाऱ्याच्या पुडीसोबत, घडी घातलेली एक गुलाबी चिठ्ठी सापडली. फेब्रुवारीत आमच्या देवळाच्या सभामंडपात मोफत मधुमेह तपासणी शिबिर झालं होतं. बोटाला टोचलं, आकडा लिहिला, वर एक बिस्किटाचा पुडा दिला. चिठ्ठीवर वय ७६.

आईच्या फोनमध्ये त्या दिवसाचा मेसेज अजून आहे. इंग्रजीत. ओटीपी, आणि त्याखाली एक ओळ, की हा ओटीपी दिल्याने आपण आमच्या अटी व गोपनीयता धोरण मान्य करत आहात. आईने तो टॅब घेऊन बसलेल्या मुलीला वाचून दाखवला होता. का दिलास विचारलं तर म्हणाली, "ती म्हणाली, ओटीपी दिल्याशिवाय मशीन चालू होवचा नाय." धोरण उघडलं. सतरा पानं. नवव्या पानावर "सहयोगी", त्यात औषध पोचवणारे, विमावाले, "आरोग्यदायी उत्पादनांचे भागीदार". म्हणजे आईची साखर चोरीला गेलेली नाही. ती आम्हीच बिस्किटाच्या पुड्यावर दिली. शिबिराला मंडप मी उघडून दिला होता, खुर्च्यासुद्धा मीच लावल्या होत्या, ते वेगळंच.

सकाळी एक डझन पिकलेले घेऊन सेंटरवर गेलो. माझ्या तोंडून नीट शब्द फुटेना. पोरगा म्हणाला, "दादा, पेटीत कोवळे तर घातले नाय ना?" मिटलं.

विमावाले, तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. संमती मागे घेत आहोत, माहिती पुसा, कोणाकोणाला दिली ते कळवा. मेल मराठीत लिहिला, म्हटलं त्यांना पण जरा कळू दे.

विमावाला_रत्नागिरी

मेलची तारीख जपून ठेवा. महिना तिथूनच मोजायचा. उत्तर आलं की इथे टाका.

हापूसबाग_देवगड

पाच दिवसांनी उत्तर आलं. इंग्रजीत. विनंती नोंदवली आहे, पुढील कार्यवाहीसाठी खालील लिंकवर रुग्णाची ओळख पटवा. लिंक उघडली तर नाव, वयाच्या रकान्यात आधीच भरलेलं ७६, आणि खाली "ओटीपी पाठवा".

आई म्हणते, "दी रे, निदान वय तरी बरोबर होवंदे." मी अजून दिलेला नाही. दुसरा काही मार्ग कोणाला माहीत असेल तर सांगा, तोवर ही खिडकी उघडीच ठेवलीय.