रथ थांबतो, चादर चढते. मग १९७० ला जळगाव का पेटलं?

लळिंगचा किल्लेदार:
काल इथे एकाने जळगावच्या रामाच्या रथाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "खान्देशच्या मातीत हिंदू-मुस्लिम वाद कधीच नव्हता, बाहेरच्यांनी आणला." त्यावर नुसता बदामांचा पाऊस. मी रात्री कमेंट लिहायला बसलो, ती एवढी लांबली की वेगळा धागाच काढतोय.

रथाबद्दल एक अक्षर खोटं नाही. अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला, कार्तिकी एकादशीला निघतो, भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो, चादर चढते. मी स्वतः दोराला हात लावलाय. पण ह्याच जळगावात ८ मे १९७० ला काय झालं ते कोण लिहिणार? आदल्या दिवशी भिवंडी पेटली, दुसऱ्या दिवशी जळगाव. न्यायमूर्ती मादन आयोगाने चौकशी केली. मेलेले जवळजवळ सगळे मुसलमान. रथ तेव्हाही होता, दर्गाही होता.

आमचं धुळं घ्या. २००८ ला दंगल, जानेवारी २०१३ ला परत. दुसऱ्या खेपेची सुरुवात हॉटेलातल्या बिलावरून झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. माझ्या मोटरसायकलचं काम करणारा मिस्तरी कर्फ्यू उठल्यावर दुकान उचलून मुसलमानांच्या वस्तीत गेला. त्याला कुणी घालवलं नाही, कुणी थांबवलंही नाही. ह्यात बाहेरचा कोण होता सांगा.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे होता तो मानपानाचा आणि देण्याघेण्याचा व्यवहार. चादर कुणी द्यायची, नारळ कुणी घ्यायचा हे ठरलेलं. केळीचा ट्रक भरायला सगळेच लागतात. प्रेमबिम आपण मागाहून चिकटवलं. आणि मानपान चालायला शेजारी राहावं लागतं हो. वस्त्याच वेगळ्या झाल्यावर वर्षातून एक चादर काय करणार?

रथाचा फोटोवाला:
तो मीच. "कधीच" काढून "क्वचित" घालतो, झालं समाधान?
तुम्ही दंगली मोजता, मधली वर्षं कोण मोजणार? थाळनेरला फारुकी सुलतानांचं स्वतंत्र राज्य उभं राहिलं १३८२ ला, अकबराने असिरगड घेतला १६०१ ला. सव्वादोनशे वर्षं झाली ही. त्यातल्या राजा अलीखानाने बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत १५९० मध्ये अरबीसोबत संस्कृत शिलालेख कोरून घेतला, तिथी-वारासकट. त्याच्या डोक्याला कुणी बंदूक लावली होती?
माझ्या आजीने माझ्या वडलांसाठी चाळीसगावच्या बामोशी बाबांना नवस केला होता. उरसाची तलवारीची मिरवणूक चुकवायची नाही. श्रावणात कानबाई देवीचे रोट करणारीही तीच. तिला ह्यात व्यवहार दिसला नाही, तुम्हाला दिसतो. आणि मान देणं ही शिवी कधीपासून झाली?

लळिंगचा किल्लेदार:
आजीबद्दल मी बोललो नाही, तिला मध्ये आणू नका. राजाने लेख कोरला म्हणून रयत गळ्यात गळे घालून फिरत होती का? तोच राजा अलीखान १५९७ मध्ये मुघलांच्या बाजूने दख्खनी सुलतानांशी लढताना मेला. मुसलमान राजा, मुसलमान राजांविरुद्ध. धर्म नाही, वारा बघून चालायचे हे लोक. सलोख्याच्या खात्यात त्यांना कशाला जमा करता?

बऱ्हाणपूरचा जावई:
बुऱ्हाणपूर निघालंच आहे तर बोलतो. फारुकींची राजधानी मध्य प्रदेशात, असिरगड मध्य प्रदेशात, गुरू गोविंदसिंगांच्या मुक्कामाचा गुरुद्वारा तिकडे, बोहऱ्यांची दर्गा-ए-हकीमी तिकडे. खान्देशाचं अर्धं काळीज कापून नेलं आणि महाराष्ट्रात एकाही पुढाऱ्याला त्याचं काही वाटत नाही!

रथाचा फोटोवाला:
भो, तू केळीच्या भावाच्या धाग्यातही हेच लिहिलं होतंस.

निळा सातपुडा:
सलोखा सलोखा ऐकून कान किटले. ज्या गावात चादर चढत होती त्याच गावात आमच्या आजोबांना विहिरीवर कुणी चढू देत नव्हतं, दोन्ही बाजूंपैकी कुणीच. विठोबाचं दार आम्हाला उघडावं म्हणून अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावं लागलं. आम्ही ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो, बाबासाहेब तिथे राहिले होते म्हणून. किल्लेदार, तुमच्या नावातच लळिंग आहे. कधी आलात त्या दिवशी?

लळिंगचा किल्लेदार:
नाही आलो. मुद्दा रास्त आहे. पण धागा दंगलींवर होता.

यावलची तडवी:
धागा दंगलींवर, सलोख्यावर, बुऱ्हाणपुरावर. आम्ही कशात बसतो ते सांगा म्हणजे तिथे जाऊन बसते.
मी तडवी भिल्ल. यावल, रावेर, चोपड्याच्या सातपुड्याच्या पायथ्याला आम्ही हजारोंनी आहोत. धर्म इस्लाम, जमात आदिवासी. माझ्या आजीच्या घरी नमाजही होती आणि पहिल्या पिकातला वाटा शेताच्या देवालाही जायचा. तिला कुणी विचारलं नाही ह्यातलं खरं कोणतं. मला मात्र कॉलेजच्या प्रवेशाला खिडकीतल्या माणसाने विचारलं, "धर्म इस्लाम आणि एसटी? दोन्ही कसं?" अख्ख्या रांगेसमोर. मशिदीत काही जण आम्हाला कच्चे मुसलमान म्हणतात, बाजारात काही जण पक्के. तुमच्या हिंदू-मुस्लिम ऐक्याच्या फोटोत आम्हाला उजवीकडे उभं करणार की डावीकडे?

सडेतोड पाटील:
ताई, राग मानू नका, पण खिडकीतल्या माणसाने विचारलं त्यात चूक काय? धर्म बदलला, रूढी सोडल्या, मग आदिवासींची सवलत कशी? खऱ्या आदिवासी पोरांच्या जागा जातात. म्हणून तर डीलिस्टिंगचे, म्हणजे धर्म बदललेल्यांना जमातींच्या यादीतून काढा म्हणणारे, मोर्चे निघतात.

यावलची तडवी:
खऱ्या आदिवासींची यादी तुमच्या बांधावर बसून ठरते वाटतं.

कोर्टात पडीक:
पाटील, तुम्ही दोन आदेशांची खिचडी केलीत. धर्माची अट आहे ती अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात. आधी फक्त हिंदू, १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. तडवी नमाज पढो नाहीतर नवापूरकडचा मावची आदिवासी चर्चमध्ये जावो.

सडेतोड पाटील:
कायदा मला माहीत आहे. मी न्यायाचं बोलतोय. रूढी, देव, सण हीच आदिवासीची ओळख ना? ती टाकल्यावर उरलं काय?

नवापूरचा:
मी मावची, घर ख्रिस्ती. आजोबांचा जीव चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात वाचला, तेव्हापासून. चर्चला जातो आणि लग्नात ढोल आमचाच असतो, बोली आमचीच असते.
आता पाटील आबा, तुमच्याच मापाने एक सांगा. तळोद्याकडच्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आदिवासींना दारू-मांस सोडायला लावलं. हजारो माणसं आरतीला जमायची, एकमेकांना "आप" म्हणायची. आणि तिकडे देवमोगऱ्याच्या जत्रेत आदिवासींच्या याहामोगी देवीला दारूची धार पडते. आपवाल्यांनी तर बापजाद्यांची रूढी उघड उघड टाकली. त्यांना काढायचं का यादीतून?

सडेतोड पाटील:
ते वेगळं. ती सुधारणा होती. परधर्म नव्हता.

नवापूरचा:
म्हणजे रूढी सोडली हा गुन्हा नाही. कुठल्या दिशेने गेला तो गुन्हा. हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर एवढं टायपिंग वाचलं असतं.

सडेतोड पाटील:
शब्दांत पकडू नका. गावागावात पैसे देऊन काय चालतं ते आम्ही डोळ्यांनी बघतो.

नवापूरचा:
आजोबांना किती दिले होते ते विचारून सांगतो. ते गेलेत, वेळ लागेल.

लळिंगचा किल्लेदार:
जरा सबुरीने. पाटील, बिनपुराव्याचं नको. नवापूरकर, तुम्हीही.
माझा मूळ मुद्दा मात्र इथे बरोबर दिसतोय. पाटलांना रथाच्या वेळची चादर चालते, कारण तिथे कोण कुठला हे ठरलेलं आहे. तडवी ताई त्या मांडणीत बसत नाहीत, म्हणून त्रास.

रथाचा फोटोवाला:
फिरून तुमचाच मुद्दा बरोबर! सत्कार करू, शाल श्रीफळ आणतो. पण हे मला पटतंय असं वाटायला लागलंय, त्याचाच जास्त राग येतोय.

सडेतोड पाटील:
कायदा आज तसा आहे, ठीक. कायदे बदलतात.

यावलची तडवी:
बदला. दिल्लीत जा, बदला. तोवर माझ्या भाच्याचा जात पडताळणीचा कागद अडकलाय, त्याचं काय? पोराला इंजिनिअरिंगची सीट लागली आहे आणि मुदत संपत आलीये.

कोर्टात पडीक:
ताई, ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा काही पुरावा आहे का? वडिलांकडच्या नात्यातला, शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, काहीही.

यावलची तडवी:
पणजोबांचा दाखला आहे. तडवी लिहिलंय. पुढे त्याच शाईने मुसलमान पण लिहिलंय, त्याच्यावरच बोट ठेवून बसलेत.

कोर्टात पडीक:
त्यावर बोट ठेवता येत नाही. नात्यातल्या कुणाला आधी वैधता प्रमाणपत्र मिळालं असेल तर ते पण काढून ठेवा, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करा. लेखी नकार दिला तर औरंगाबाद खंडपीठात रिट करता येईल. कागद मला वेगळे पाठवा, इथे टाकू नका.