अण्णांच्या फोटोंची डिस्क मॅकवर दिसते पण त्यात काही टाकता येत नाही (घरचा ग्रुप)

ताई: अरे ऐका ना, काकांकडून आणलेली अण्णांच्या फोटोंची हार्ड डिस्क मॅकला लावली, फोटो सगळे दिसतायत, उघडतायत पण, फक्त मी स्कॅन केलेले जुने फोटो त्यात टाकायला गेले तर पेस्टच होत नाहीये. डिस्क गेली का?

काका: माझ्याकडे तर व्यवस्थित चालत होती. परवाच लग्नाचा व्हिडिओ टाकलाय मी त्यात.

ताई: म्हणून तर जास्त घाबरले

मी: डिस्क ठणठणीत आहे ताई. त्या डिस्कवर राइट क्लिक करून गेट इन्फो उघड आणि फॉरमॅटच्या पुढे काय लिहिलंय ते सांग

ताई: विंडोज एनटी फाइल सिस्टिम, एनटीएफएस. आणि एकदम खाली यू कॅन ओन्ली रीड

मी: तेच. काकांच्या विंडोजवर ती एनटीएफएसमध्ये, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या विंडोजच्या पद्धतीने, फॉरमॅट झालेली आहे आणि मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यात लिहीत नाही. तुझं काही चुकलेलं नाही.

वहिनी: मग भावजी फॉरमॅट मारून टाकायची का? रविवारी आमच्याकडेच येणारे ती, हे करतील लगेच

मी: वहिनी थांबा!! फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणं. करायचंच आहे पण आधी त्यातलं सगळं दुसरीकडे गेलं पाहिजे. आणि अजून एक, हे सगळ्यांनीच वाचा, ती डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावली आणि काही विचारणारी खिडकी आली तर ती वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मी दाबलंय म्हणून सांगतोय. माझी जुनी डिस्क मॅकवर फॉरमॅट केलेली होती, घाईघाईत विंडोजच्या लॅपटॉपला लावली, विंडोजला ती वाचता येईना म्हणून त्याने विचारलं की डिस्क वापरायची असेल तर फॉरमॅट करावी लागेल, करू का, आणि फॉरमॅट डिस्क हे बटण आधीच उजळलेलं होतं. मला वाटलं नेहमीचंच काहीतरी असेल, एंटर मारला, पुढच्या खिडकीत पण स्टार्ट दाबलं. पंधरा सेकंदात डिस्क रिकामी. आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग होती त्यात.

आत्या: अगंबाई, आईची? मग मिळाली का रे?

मी: बरीचशी मिळाली आत्या. ते क्विक फॉरमॅट होतं, त्यात फक्त कुठली फाइल कुठे आहे ती यादी नवी बनते, खरा डेटा त्यावर दुसरं काही लिहीपर्यंत तसाच पडून असतो. मी लगेच डिस्क काढली, त्यात काहीही टाकलं नाही, मग फोटोरेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने रात्रभर चालवून फायली बाहेर काढल्या, पण नावं आणि फोल्डर सगळे गेले. एफ आणि पुढे नुसते आकडे, अशा हजारो फायली. एकेक उघडून ऐकत बसलो होतो कुठली आजीची आहे ते. दोन रेकॉर्डिंग मध्येच तुटतात, ती तशीच राहिली. क्विकची खूण काढलेली असती तर तेवढंही हाती लागलं नसतं, विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट केलं की सगळ्या डिस्कवर शून्य लिहिली जातात.

ताई: मॅक पण असं विचारतो का?

मी: हो, त्याला वाचता न येणारी डिस्क असली की तो म्हणतो ही डिस्क वाचता येत नाही, आणि खाली तीन बटणं असतात. त्यातलं इनिशियलाइज म्हणजे पुसण्याकडचा रस्ता. इजेक्ट दाबायचं आणि मला फोन करायचा. टाइम मशीनसाठी, म्हणजे मॅकच्या बॅकअपसाठी, वापरू का असं विचारलं तरी नाहीच म्हण, कारण टाइम मशीनला मॅकचीच फॉरमॅट लागते आणि त्यासाठी तो डिस्क पुसायला सांगतो.

आत्या: न पुसता नाही का रे बदलता येत

मी: नाही गं. विंडोजमध्ये कन्व्हर्ट नावाची कमांड आहे पण ती फॅट या जुन्या पद्धतीची एनटीएफएस करते, आपल्याला त्याच्या उलट हवंय.

काका: मॅकवर एनटीएफएसमध्ये लिहायचं सॉफ्टवेअर मिळतं असं वाचलं होतं मी. मग कशाला एवढा खटाटोप?

मी: मिळतं काका, आणि तुमची डिस्क फक्त ताईच्या एकाच मॅकवर जाणार असती तर मी तेच सांगितलं असतं. पण ही डिस्क घरोघर फिरणार, उद्या अजून कोणी मॅक घेतला की तिथेही ते टाका, मॅक अपडेट झाला की त्याचं पण अपडेट बघा. फिरत्या डिस्कला कुठेही काही न टाकता चालेल अशी फॉरमॅट पाहिजे.

भाचा: मामा मग फॅट३२ करा की, ती तर सगळीकडे चालते

मी: चालते रे, पण त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. काका, लग्नाचा व्हिडिओ केवढा आहे?

काका: ११ जीबी

मी: झालं. डिस्क रिकामी असली तरी कॉपी होताना फाइल फार मोठी आहे म्हणून अडणार. फॅट३२ १९९६ च्या सुमाराची आहे, तेव्हा घरातली अख्खी हार्ड डिस्कच ४ जीबीच्या आतबाहेर असायची. आपल्याला एक्सफॅट पाहिजे. मायक्रोसॉफ्टनेच २००६ मध्ये आणली, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वाचता लिहिता येते, मॅकवर २०१० पासून. आत्या, तुझ्या कॅमेऱ्यातलं ६४ जीबीचं कार्ड आहे ना, त्याच्यात हीच असते.

भाचा: माझ्या लिनक्सवर चालेल का पण? ओके बघितलं, चालेल. मायक्रोसॉफ्टने २०१९ ला त्याची माहिती खुली केली आणि लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ५.४ पासून आतच आलीये, ५.७ मध्ये अजून चांगला ड्रायव्हर आला. माझा ६ च्या पुढे आहे

मी: शाब्बास

दादा: टीव्हीला लावायची असेल तर?

मी: ते टीव्हीवर अवलंबून आहे दादा. नवे बरेच टीव्ही एक्सफॅट वाचतात, जुने नाही वाचत, मॅन्युअलमध्ये यूएसबीच्या पानावर लिहिलेलं असतं. नाही वाचली तर चार व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घे, टीव्हीपायी सगळी डिस्क नको बदलायला.

ताई: मग मी सगळं माझ्या मॅकमध्ये कॉपी करून घेऊ का? ४१२ जीबी आहे. माझ्याकडे रिकामी ९० च आहे

काका: डिस्क परत आण, माझ्या डेस्कटॉपवर जागा आहे. मी करतो.

मी: काका उत्तम. आणि दुसरी कॉपी दादाच्या रिकाम्या डिस्कवर. दोन ठिकाणी झाल्याशिवाय फॉरमॅट नको, कारण त्या मधल्या वेळात काही झालं तर आपल्याकडे दुसरं काहीच नाही. कॉपी संपली की मूळ फोल्डर आणि कॉपी दोन्हीच्या प्रॉपर्टीज उघडा, फायलींची संख्या आणि साइझच्या ओळीतला बाइट्सचा पूर्ण आकडा जुळला पाहिजे. त्याच्या खालची साइझ ऑन डिस्क जुळवू नका, ती वेगळी येणारच. एक्सफॅटमध्ये तर जास्तच फरक पडेल, एवढ्या मोठ्या डिस्कला विंडोज फायली ठेवायला १२८ केबीचा एकेक खण ठरवतं आणि ४ केबीची चिठ्ठी असली तरी ती पूर्ण खण अडवते. फोटो व्हिडिओला त्याने काही बिघडत नाही. आणि दहावीस फोटो, दोनतीन व्हिडिओ उघडून मधूनमधून बघा, नुसत्या आकड्यांवर जाऊ नका.

ताई: मॅकवर १ टीबी दिसतेय आणि काका म्हणाले होते ९३१, ते काय

मी: डिस्क तेवढीच आहे. मॅक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. म्हणूनच बाइट्स जुळवायला सांगितले

(रविवार)

काका: दोन्हीकडे ४८,२१६ फायली, बाइट्स शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे. पंधरावीस फोटो आणि अण्णांचे दोन व्हिडिओ पाहिले. आता पुढे काय?

मी: दादाची डिस्क आधी काढून बाजूला ठेवा, पेन ड्राइव्ह असला तर तोही. फक्त जी पुसायची तीच लावलेली राहू दे, म्हणजे चुकून दुसरीवर हात पडायला नको. मग धिस पीसीमध्ये तिच्यावर राइट क्लिक, फॉरमॅट. वर कपॅसिटी बघा, ९३१ असेल तरच पुढे. फाइल सिस्टिममध्ये एक्सफॅट, अलोकेशन युनिट साइझ डिफॉल्ट आहे तीच, नावात अण्णा लिहा, क्विक फॉरमॅटची खूण राहू दे. मॅकवर पण करता येतं पण मी विंडोजवरच करतो, तिथे केलेली मॅकला पटते, उलटं कधी कधी अडलेलं पाहिलंय.

काका: दहा सेकंदात झालं. परत कॉपी लावलीये, साडेतीन तास म्हणतोय.

मी: लावून ठेवा. आणि काढताना सगळ्यांनीच, सेफली रिमूव्ह केल्याशिवाय वायर ओढायची नाही. एनटीएफएस आपण काय लिहितोय याची नोंद आधी ठेवते, मध्येच वायर निघाली तर त्या नोंदीवरून सावरते. एक्सफॅटमध्ये ती नोंद नाही. एक्सफॅट घेण्यातला खरा तोटा हाच आहे. मध्येच ओढली तर मॅक पुढच्या वेळी आतल्या आत तपासत बसतो आणि डिस्क बराच वेळ दिसतच नाही, तेव्हा घाबरून परत वायर ओढू नका, थांबा.

आत्या: मी तर नेहमी तशीच ओढते रे

मी: या डिस्कची नको ओढूस आत्या. मॅकवर डेस्कटॉपवरच्या चित्रावर राइट क्लिक आणि इजेक्ट, विंडोजवर खाली उजव्या कोपऱ्यात यूएसबीचं चिन्ह, बस. आणि काका, ताईने मॅकवरून काही टाकलं की तुमच्याकडे टिंब आणि आडवी रेघ असं नाव सुरू होणाऱ्या छोट्या फायली कधी दिसतील, त्या मॅकच्या असतात, व्हायरस नाही.

(मंगळवार)

ताई: गेले!! सगळे २३० स्कॅन डिस्कमध्ये गेले. अण्णांचा सायकलवरचा फोटो पहिला टाकला. इजेक्ट पण केलं नीट

आत्या: तो इथे पण पाठव गं

काका: डेस्कटॉपवरची कॉपी आता उडवू का?

मी: नको काका, राहू दे. ताईचे २३० पण त्यात टाका आता